दुसरा प्रश्न

टोपीवाल्या माणसाने पुन्हा विचारलं, "ते कळलं हो, तुम्ही पिवळ्या छत्रीवाल्या बाईंच्या मागे. पण त्या बाई कोणाच्या मागे?" आणि एलिएसेर मोन्सोनला उत्तर देता येईना. नोटरीच्या ऑफिसचं दार नुकतंच किलकिलं झालं होतं. ओसरीतल्या खांबांना टेकलेली, पायऱ्यांवर बसलेली, समोरच्या झाडाखालच्या कट्ट्यावर पेंगणारी माणसं एकदम गोळा होऊन आपापल्या पुढचा माणूस शोधायला लागली होती. पिवळी छत्री कुठेच दिसत नव्हती. सकाळी आल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे मोठ्याने विचारलं होतं, शेवटचं कोण? छत्रीवाल्या बाईंनी हात वर केला होता. यानंतर दुसरा प्रश्न विचारायचा असतो, आणि तुम्ही कोणाच्या मागे? कारण हवानात रांगेतला माणूस जागेवर राहत नाही. कोपऱ्यावर पाव आला म्हणून जातो, घरी लाइट आली म्हणून जातो, नुसता कंटाळला म्हणूनही जातो. आपल्या पुढचा गेला तर त्याच्या पुढचा तरी ठाऊक असावा, नाहीतर आपण अधांतरी. हे शिकायला शाळेत जावं लागत नाही. आईचं बोट धरून दुधाच्या रांगेत उभं राहिलं की येतं. आयुष्यात हजारदा विचारलेला तो प्रश्न आज एलिएसेरने विचारलाच नव्हता. मान डोलावून तो सरळ खांबाच्या सावलीत जाऊन उभा राहिला होता.

टोपीवाला शांतपणे म्हणाला की मग तुम्ही शेवटी जा. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, आणि त्यामुळेच एलिएसेरच्या कानशिलात काहीतरी तडकलं. तो ओरडायला लागला. मी पहाटेपासून आहे, मी कोणी भामटा नाही, या देशात माणसाच्या शब्दाला काही किंमत उरली आहे की नाही, असं बरंच काही. आपला आवाज चढताना बारीक होत जातो, हे त्याला स्वतःलाच ऐकू येत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "सोडा हो त्यांना. सकाळी कॉफी मिळालेली दिसत नाही." त्यावर दुसरं कोणीतरी म्हणालं, "कोणाला मिळालीय?" आणि सगळी ओसरी हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. एरवी तोही हसला असता. आत्ता मात्र सरळ चालू लागावं, ही सगळी माणसं आणि हे दार मागे टाकून जावं, असं त्याला वाटलं आणि तो वळलाही. पण कडेवर बाळ घेतलेल्या एका मुलीने त्याचा सदरा धरला. "काका, तुम्ही गेलात तर मी कोणाच्या मागे?" ती त्याच्यानंतर आली होती. तिने दोन्ही प्रश्न विचारले होते, आणि त्यानेच तिला छत्रीवाल्या बाई दाखवल्या होत्या. तो थांबला. आपण एका अनोळखी पोरीच्या अंगठ्यात आणि बोटात अडकलो आहोत, याचा त्याला मनस्वी राग आला.

आज फक्त सही करायची होती. मिरेलिस, जी आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्याची बायको होती, तिच्या नव्या नवऱ्याकडे स्पेनला चालली होती, आणि त्यांची मुलगी लिसेत तिच्याबरोबर जाणार होती. चौदा वर्षांच्या मुलीला देशाबाहेर न्यायला बापाची संमती लागते, ती नोटरीसमोर द्यावी लागते. एलिएसेरने आढेवेढे घेतले नव्हते. उलट तो इतका पटकन हो म्हणाला होता की मिरेलिसच गडबडली होती. लिसेतने त्याच्या गळ्यात हात टाकून सांगितलं होतं की बाबा, मी रोज फोन करीन, आणि त्याने म्हटलं होतं, रोज नको, अभ्यास कर. त्या क्षणापासून त्याच्या डोक्यात एक विचार येऊन बसला होता. वादळासारखा आला असता तर त्याने त्याची दखल तरी घेतली असती. हा घरात नको असलेल्या खुर्चीसारखा येऊन बसला. सही झाली की आपलं काम संपलं. त्यानंतर आपण कोणाला लागत नाही. त्यानंतर आपण नसलो तरी चालेल. पहिल्यांदा हे मनात आलं तेव्हा तो दात घासत होता, आणि घासतच राहिला होता. मग ते बादलीने अंघोळ करताना यायला लागलं, ऑफिसचा जिना चढताना यायला लागलं, आणि हळूहळू 'चालेल'च्या जागी 'बरं' आलं. नसलेलं बरं. आज पहाटे उठून दाढी करताना त्याला जवळजवळ हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाची त्याला भीती वाटली नाही.

त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं असं नाही. सगळे बोलत होते, तोच तर वैताग होता. बहीण आरासेलिया दर रविवारी माताँसासहून फोन करायची आणि कसा आहेस विचारून, तो तोंड उघडायच्या आत, स्वतःच सांगायची की आहेस ना धडधाकट, मग झालं. आपल्या मावशीच्या पायाकडे बघ, गँगरीन झालंय, तरी गाणी म्हणते. शेजारचा फुंदोरा डॉमिनोच्या टेबलावर पाठीत थाप मारून म्हणायचा की मर्दाने असं पडेल चेहऱ्याने फिरू नये, एखादी बाई बघ, आणि तो काही बोलायला गेलाच तर सोंगटी आपटून म्हणायचा, खेळ आता. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण कसं काय विचारायचा आणि उत्तरात 'लढतोय' ऐकायची त्याची तयारी असायची, कारण इथे सगळेच लढतोय म्हणतात, आणि त्या शब्दावर पुढे काही बोलायचं नसतं. बहिणीच्या आग्रहापायी तो एकदा पॉलिक्लिनिकमध्ये मानसतज्ज्ञ मुलीकडेही गेला होता. मुलगी चांगली होती, थकलेली होती. पण खोलीला भिंतीऐवजी पडदा होता. पडद्यापलीकडे नर्स कोणाचं तरी ब्लडप्रेशर घेताघेता अंडी कुठे मिळाली ते सांगत होती. तेवढ्यात लाइट गेली. मुलीने अंधारातच श्वास कसा घ्यायचा, कसा सोडायचा ते दाखवलं. तिने दाखवलं खरं, पण अंधारात त्याला काही दिसलं नाही. बाहेर पडताना बरं वाटतंय ना, असं तिने विचारलं तेव्हा तो हो म्हणाला. माणसं इतकं मन लावून धीर देत असतात, की तो घेतल्यासारखं दाखवणं हीच आपली जबाबदारी होऊन बसते. संध्याकाळी घरी परतल्यावर या दाखवण्यानेच तो दमलेला असायचा.

ऑफिसातही वेगळं नव्हतं. तो बसची वेळापत्रकं आखायचा. तेवीस वर्षं त्याने शहराच्या निम्म्या भागाच्या वेळा आखल्या होत्या. कुठल्या थांब्यावर किती मिनिटं, शाळा सुटताना किती जादा गाड्या, हे त्याच्या बोटांत होतं. आता डिझेल नव्हतं. गाड्या कधीतरी यायच्या, कधी यायच्याच नाहीत, पण वेळापत्रक दर महिन्याला हवं असायचं, रंगीत, वरच्या साहेबांच्या भिंतीसाठी. मागच्या महिन्यात त्याने एक पूर्ण मार्ग काढला होता, ज्यात थांबे होते आणि वेळा नव्हत्या. नुसत्या रिकाम्या चौकटी. तो चुकून झाला होता की मुद्दाम, हे त्याला आठवत नव्हतं. साहेबांनी तो भिंतीवर लावला होता.

"हा माझ्या मागे." आवाज पोहण्याच्या तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत जाईल असा होता. पिवळी छत्री मिटून काखेत धरलेली बाई गर्दीतून वाट काढत आली. सत्तरीची असेल. रुंद खांदे, पांढरे केस मुलासारखे कापलेले, हातात शेंगदाण्यांच्या कागदी पुड्या. तिने टोपीवाल्याला छत्रीच्या टोकाने दाखवलं की मी त्या गणवेशातल्या पोराच्या मागे, हा माझ्या मागे, ही बाळवाली याच्या मागे, आणि तू, टोपी, तू तिच्यानंतर आलास, मी बघितलंय. टोपीवाला म्हणाला की बाई, तुम्ही होतात कुठे? ती म्हणाली की शेंगदाणे घ्यायला गेले होते, तुझी परवानगी घ्यायची राहिली. पुन्हा ओसरी हसली. टोपीवालाही हसला. दारातून गणवेशातला पोरगा आत गेला, दार पुन्हा लागलं, आणि माणसं जिथून आली होती तिथे पांगली. भांडण होतं कुठे, असं वाटावं इतक्या लवकर ते मिटलं. एलिएसेरच्या अंगातला राग मात्र जायला जागा न मिळाल्यासारखा तसाच राहिला. त्याने दोन्ही हात काखांत दाबून धरले.

बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसली, एक पुडी त्याच्या मांडीवर ठेवली आणि आपलं नाव सोराइदा पूपो असल्याचं सांगितलं. जन्मभर पोरांना पोहायला शिकवलं, आता तलावात पाणी नाही. घराची वाटणी करायची म्हणून इथे आलेय, भाऊ ऐकत नाही. एलिएसेरने आभार मानले आणि पुडीला हात लावला नाही. ती थोडा वेळ शेंगदाणे खात राहिली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, "तू मला विचारलं नाहीस, मी कोणाच्या मागे ते."

तो म्हणाला, विसरलो.

"ते कोणी विसरत नाही, राजा. बूट घालायला विसरेल एखादा." ती पुन्हा शेंगदाणे खायला लागली. त्याला वाटलं संपलं, आता ही देवाचं नाव घेईल किंवा वाटणीची कथा लावेल. पण तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि शेवटचं कोण, हे विचारावं तशा आवाजात, ना हळू ना मोठ्याने, विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

पहिल्यांदा त्याने बाळवाल्या मुलीकडे बघितलं. ती लांब होती, बाळाला वारा घालत होती. मग त्याला संताप आला, मघाच्यापेक्षा मोठा. ही कोण? हिला कोणी अधिकार दिला? तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचं. रांग हलत नाहीये." ती शांतपणे टरफलं कागदात गोळा करत होती. "नसेल तर नाही म्हण. मी दुसरं काहीतरी बोलेन. मला माझ्या भावाबद्दल खूप बोलता येतं."

नाही म्हणायचं होतं. शब्द तयार होता, गेल्या कित्येक महिन्यांत त्याने तो घासून गुळगुळीत केला होता. पण तो उच्चारायला जी थोडीशी ताकद लागते, समोरच्याच्या समाधानासाठी चेहरा जेवढा हलवावा लागतो, तेवढी त्याच्यात उरली नव्हती, ती सगळी टोपीवाल्यावर खर्च झाली होती. आणि या बाईच्या चेहऱ्यावर कुठलंही उत्तर लिहून ठेवलेलं नव्हतं. आरासेलियाच्या आवाजात ते असायचं, त्या बिचाऱ्या मानसतज्ज्ञ मुलीच्या डोळ्यांतही असायचं. बरं आहे म्हण, म्हणजे मला श्वास घेता येईल. ही नुसती बसली होती. पोरगं पाण्यात उडी मारतंय की नाही हे काठावरून बघत बसावं तशी. तो म्हणाला, "सही झाली की मग मला काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे तेच. तुम्ही म्हणालात तेच."

तिने दचकून हात धरला नाही. देवाचं नाव घेतलं नाही, मुलीचा विचार कर असं म्हणाली नाही. कधीपासून, असं विचारलं. आज घरी कोण आहे, विचारलं. कसं, कुठे, असं काही ठरवलंयस का, हेही विचारलं, आणि त्याने खरं सांगितलं की ठरवलं नाही, पण हल्ली त्या विचाराला रोज भेटतो. रात्री झोपतोस का? नाही. जेवतोस का? मिळालं तर. तेवढं सगळेच, ती म्हणाली, मी भुकेचं विचारतेय. भूक नाही, तो म्हणाला. आणि मग, कसं कोणास ठाऊक, तो बोलायला लागला. त्यात दुःखाचं असं काही नव्हतं. तो तक्रारी करत होता. फुंदोराच्या सोंगट्या आपटण्याबद्दल, मावशीच्या पायाबद्दल, जो त्याला रात्री आपल्याच उशाशी ठेवल्यासारखा दिसायचा, पॉलिक्लिनिकच्या त्या पोरीबद्दल आणि पडद्यापलीकडच्या नर्सच्या अंड्यांच्या गप्पांबद्दल, साहेबांच्या भिंतीबद्दल, रिकाम्या चौकटींच्या त्या मार्गाबद्दल. लिसेतला रोज फोन नको म्हणालो, असं सांगताना त्याचा आवाज पुन्हा बारीक झाला. तिने मान हलवली, इतकंच. मध्येच एकदा ती हसलीसुद्धा, साहेबांनी ते वेळापत्रक भिंतीवर लावलं तिथे, आणि त्याला राग आला नाही. हलकं वगैरे वाटत नव्हतं. पाय दुखत होते, जीभ कोरडी पडली होती, आणि आपण एका परक्या बाईसमोर हे काय ओकून बसलो, याची शरम मानेवर गरम होऊन बसली होती. पण सकाळचा तो हलकेपणा गेला होता, आणि तो गेल्यावर कळलं की तो किती भयंकर होता.

त्याने विचारलं की तुम्ही हे सगळ्यांना विचारता का?

ती म्हणाली, नाही. ज्या वर्षी तलाव रिकामा केला, त्या वर्षी मी महिनोन्‌महिने कोणाला दुसरा प्रश्न विचारला नव्हता. शेवटचं कोण विचारायचं आणि उभं राहायचं. नंबर गेला तर गेला. आपण दारापर्यंत पोहोचणार आहोत असं ज्याला वाटत नाही, तो पुढच्याच्या पुढे कोण हे कशाला लक्षात ठेवेल? अंड्यांच्या रांगेत एका खोकणाऱ्या माणसाने मला सरळ विचारलं. "मी त्याला शिव्या दिल्या. माझ्या शिव्या तू ऐकल्या नाहीस, तलावावरची पोरं ऐकायची." मग, एलिएसेरने विचारलं. "मग काय. नाव पण माहीत नाही त्याचं. त्याने वाचवलंबिचवलं नाही मला. विचारलं, आणि मी बोलेपर्यंत खोकत बसला. पुढचं सगळं डॉक्टरने केलं, गोळ्यांनी केलं, बहिणीने केलं. वेळ लागला." तिने पुडीचा कागद मुठीत चुरगळला. "त्या पॉलिक्लिनिकच्या पोरीने तुला विचारलं नाही, की तू सांगितलं नाहीस?"

त्याने विचार केला. "दोन्ही."

"मग आज सांग. इथलं झालं की जाऊ. मी येते."

तो म्हणाला, काही गरज नाही. ती म्हणाली, गरज असल्याचं मी कुठे म्हटलं, माझ्याकडे वेळ आहे म्हटलं. तो म्हणाला, पडद्यामागे सगळ्यांना ऐकू जातं. ती म्हणाली, मी पडद्याच्या बाहेर उभी राहून त्या नर्सशी अंड्यांबद्दल बोलेन, माझा आवाज तू ऐकलायस. त्याने पुडी उघडली. शेंगदाणे खारट होते, थोडे करपलेले, आणि पहिला दाणा चावल्यावर तोंडात इतकं पाणी सुटलं की जबडा दुखला.

तेवढ्यात दार उघडलं आणि ऑफिसातली बाई गळ्यातला चष्मा सावरत बाहेर आली. इंटरनेटचं कनेक्शन गेलं आहे, आज आता काही होणार नाही, उद्या या, असं तिने सांगितलं. काही जणांना कालही असंच उद्या या म्हणून सांगितलं होतं, त्यांनी आरडाओरडा केला. बाळवाल्या मुलीने कपाळाला हात लावला. टोपीवाला म्हणाला की बाई, कनेक्शन कधी आलं होतं ते तरी सांगा, आम्ही वाढदिवस करू. बाई हसू दाबत आत गेली आणि आतून कडी लागली. एलिएसेर पायरीवर बसून राहिला. सही झाली नव्हती. एक सकाळ, दुखणारे पाय, ते भांडण, आणि काहीच झालं नव्हतं. कामाचा शेवट उद्यावर गेला होता, उद्या तो परवावर जाईल. या शहरात माणसाला साधं हातातलं काम संपवताही येत नाही. तो हे मोठ्याने म्हणाला, आणि चिडून म्हणाला. सोराइदा म्हणाली की अगदी खरं आहे, आणि छत्री टेकवत उठली.

ओसरीत माणसं पुन्हा गोळा झाली होती. रांग मोडत नसते, ती घरी न्यायची असते. जो तो आपल्या पुढच्याचा चेहरा नीट बघून घेत होता, त्याच्या पुढच्याचाही. तू कोणाच्या मागे, मी हिच्या, ती त्याच्या, उद्या विसरू नका हं. बाळवाली मुलगी एलिएसेरजवळ आली आणि म्हणाली, "काका, उद्या तुम्ही याल ना? मी तुमच्या मागे आहे." बाळाने त्याच्या हातातल्या पुडीकडे हात केला, म्हणून त्याने पुडी वर उचलून धरली, लहान बाळाला शेंगदाणे देऊ नयेत. मग तो म्हणाला, येईन.

मुलगी गेली. टोपीवाला जाताजाता टोपीला बोट लावून गेला. ऊन पायऱ्यांवर आलं होतं. सोराइदाने पिवळी छत्री उघडली आणि पॉलिक्लिनिककडच्या रस्त्याला लागली, हा मागून येतोय की नाही हे वळून न बघता. तो उठला. गुडघे वाजले. काही पावलं तिच्या मागे चालल्यावर त्याच्या लक्षात आलं की गणवेशातला पोरगा कनेक्शन जायच्या आत आपली सही उरकून गेला होता, तो उद्या नसणार. तो भरभर चालून छत्रीपर्यंत पोहोचला. अजून वैतागलेलाच होता, आणि त्याच आवाजात त्याने विचारलं, "उद्या तुम्ही कोणाच्या मागे?"